शेवंतीचा दमा

“आप्पा, परत सुरू झालं तिचं,” प्रतिभाने स्वयंपाकघरातून हाक दिली, आणि बागेतून नुकतेच आलेले आप्पा चपला न काढताच आत गेले.

शेवंती मांजर ओट्याखाली अंग चोरून बसली होती. मान पुढे लांबवलेली, आणि पोटातून उमळून येणारा तो कोरडा खोकला. आप्पांनी तिला उचललं, खांद्यावरच्या टॉवेलात लपेटलं आणि मांडीवर घेऊन बसले.

“केस अडकला असंल घशात. चाटत बसते दिवसभर.”

“केस असता तर पडला असता बाहेर,” सून म्हणाली. “काहीच पडत नाय.”

मोतीराम आप्पा मखमलाबादचे गुलाबवाले. बायको गेल्यापासून ते मुलाशी, शेखरशी, कामापुरतं बोलत आणि बाकीचं सगळं या म्हाताऱ्या मांजरीशी. तिला साखर निघाली तेव्हा गावाने हसून घेतलं. आप्पांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. सकाळ-संध्याकाळ तिचं खाणं झालं की इन्शुलिनची सुई तेच टोचत, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती शेवंती लागतच नसे. याचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि तो लपवण्याइतके काही ते साधुपुरुष नव्हते.

पंचवटीतल्या दवाखान्यात डॉक्टर दिशाने एक्स-रे उजेडात धरला.

“दमा असावा. छातीठोक नाही सांगता येणार, पण लक्षणं तीच आहेत.”

“मग गोळी द्या की ताई.”

“स्टेरॉइडच्या गोळीने खोकला बसेल, पण साखर चढेल. आत्ता कुठे ताब्यात आलीये ती. त्यापेक्षा पंप देऊ, औषध बरंचसं छातीतच राहतं. साखर मात्र तपासत राहू. आणि धूर, धूळ जवळ नको.”

पंपाला पुढे नळकांडं आणि त्याला इवलासा मास्क. तो तोंडावर धरायचा आणि तिला श्वास घेऊ द्यायचा. सुरुवातीला घाबरेल, ओळखीच्या कपड्यात गुंडाळून धरा, असंही डॉक्टरने सांगितलं.

मग घरात मोहीम निघाली. उदबत्ती बंद, डासांची कॉइल बंद, मिरचीची फोडणी मागच्या पडवीत, शेखरचा सेंट कपाटात. साप साप म्हणून भुई धोपटायची तेवढी धोपटून झाली. आप्पा बागेतून आले की शेवंतीला टॉवेलात गुंडाळत आणि पंप देत. ती त्यांच्या हातात मुकाट राही, पण खोकला काही हटेना. उलट एका संध्याकाळी ती तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. शेखरने गाडी काढली.

ऑक्सिजन लावल्यावर ती सावरली. डॉक्टरने पंप पुढे केला. “काका, तुम्ही कसा देता, दाखवा बरं.”

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, सवयीने झटकला आणि टेबलावर पसरला. स्टीलच्या टेबलावर पिवळी भुकटी उडाली. डॉक्टरला शिंक आली.

“हे काय आहे?”

“गंधक. भुरीची बुरशी पडलीय गुलाबांवर, धुरळणी चालू हाय.”

“आणि टॉवेल?”

“तोंडाला बांधतो ना धुरळताना. नाकात जाऊ नये म्हून...”

स्वतःच्या नाकात जाऊ नये म्हणून बांधलेलं फडकं ते रोज तिच्या नाकाभोवती गुंडाळत होते. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ओळखीचा कपडा मीच सांगितला होता,” डॉक्टर हळू म्हणाली. “यानेच होतंय असंही नाही. पण हे थांबवून बघू. बागेतून आलात की आंघोळ करा, मगच तिला घ्या.”

त्या दिवसापासून आप्पा अंगणातल्या न्हाणीत साबण लावून, धुतले कपडे घालून घरात येऊ लागले. शेवंतीने त्यांचा हात हुंगला आणि ती खाटेखाली गेली. तिचा आप्पा म्हणजे गंधक आणि घाम. हा साबणाचा म्हातारा कोण, हे तिला उमगेना. सुई घेऊन बसले तर तिने ओरबाडलं. शेवटी प्रतिभाने तिला जुन्या लुगड्यात धरलं. नव्या सवयीला वेळ लागला, पण सुई आणि पंप दोन्ही सुनेकडे गेले.

“जुना वास विसरंल हळूहळू, आप्पा. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ.”

“जनावर ते. त्याचं काय वाईट वाटायचं,” आप्पा म्हणाले. वाईट वाटत होतंच, फार वाटत होतं.

खोकला मात्र उतरला. साखरही जागेवर राहिली.

माघात भुरीने पुन्हा डोकं काढलं. धुरळणी उरकून आप्पा अंगणात आले तेव्हा दार उघडं होतं. शेवंती उंबऱ्यावर उभी राहिली, वारा हुंगला आणि शेपटी उभारून धावतच त्यांच्याकडे निघाली. किती तरी दिवसांनी तिला तिचा माणूस सापडला होता.

आप्पा दोन पावलं मागे सरले. “प्रतिभा, घे तिला आत,” ते म्हणाले. ती येतच राहिली तेव्हा त्यांनी पाय आपटला आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. “शुक,” ते तिच्यावर खेकसले. “शुक. व्हय मागं.”

शेवंती जागीच बसली. प्रतिभाने तिला उचलून आत नेलं आणि दार लावलं. दाराआडून शेवंती आप्पांना हाका मारू लागली. आवाज मोकळा होता, त्यात घरघर नव्हती.

आप्पा न्हाणीत शिरले. अंगावरचं गंधक कधीच धुऊन गेलं होतं. पण पाणी थांबलं की तिचा आवाज ऐकू येई, म्हणून ते तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतत राहिले.