‘शाळेत या’ सांगणारा कर्णा

मी कर्णा बोलतोय. पांढरा, बॅटरीवर चालणारा, खांद्याला अडकवायचा. बोलतोय म्हणायचं आपलं. माझ्या तोंडून आजवर दुसरेच बोलत आले.

आमच्या देशाने शांतिसेनेत पलटण पाठवली, तिच्याबरोबर मी परमुलखात गेलो. छाती फुगवून गेलो, खोटं कशाला सांगू? आमच्या सुभेदाराचा आवाज खणखणीत, पण तिथली भाषा येईना. मग गावच्या शाळेतल्या बाई दुभाषी म्हणून आल्या.

बोललेलं साठवून पुन्हा पुन्हा ऐकवायचं एक बटण मला आहे. बाईंनी त्यात आपल्या भाषेत सांगितलं, “पळू नका. शाळेत या. आम्ही आहोत.” मग सुभेदाराला विचारलं, “दादा, यातले ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

“बारा देश आहेत पाठीशी, ताई. काळजी सोडा.”

आठवडाभर मी गाडीवरून बोंबलत फिरलो. लोक विसंबले ते बाईंच्या ओळखीच्या आवाजावर. शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग आमचे दोन जवान मारले गेले. बारा देशांच्या बैठका झाल्या, निषेध झाले, आणि एकेकाने अंग काढून घेतलं. आमच्याही देशाने पलटण परत बोलावली. भर दुपारी गाड्या निघाल्या, तेव्हा बाई फाटकाशी उभ्या होत्या.

“यांना मी बोलावलंय, दादा. आता काय सांगू?”

सुभेदाराला मान वर करवेना. “तुम्ही तरी चला, ताई. गाडीत जागा आहे.”

“एकटीला?” म्हणाल्या, आणि शाळेकडे परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी शाळेची बातमी आली. ती माझ्याच्याने सांगवत नाही.

आता मी कोठारात असतो. सुभेदारही इथेच बदलून आलाय. परवा कारकुनाने बटण दाबलं आणि बाई बोलल्या.

“साहेब, ही कोण हो? नवी पलटण निघालीय, कर्णा द्यायचाय. हे पुसू?”

सुभेदाराने हात पुढे केला. “दे इकडे,” म्हणाला, आणि त्याने स्वतःच पुसलं. बाईंचं या जगात तेवढंच उरलं होतं.

“तिकडे काय सांगायचं असतं?” कारकुनाने विचारलं.

“हेच.”

उद्या मी निघतोय. मला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून तुम्हालाच विनवतो. कधी तुमच्या रस्त्यावर पांढऱ्या गाडीतून माझा आवाज आला, अगदी ओळखीच्या माणसाचा वाटला, तरी थांबू नका. पोरंबाळं उचला आणि पळा.