करिश्माचा कॉल

नंदिनीनं रेडिओचा आवाज वाढवला, वही उघडली आणि 'करिश्मा' हे नाव लिहून त्याखाली गरजेपेक्षा जाड रेघ ओढली.

नंदिनी आणि करिश्माला विमान उडवायला शिकवणारे लोकेश सर फोनवर बोलायला बाहेर निघाले होते. छोटा रेडिओ गळ्यात अडकवत ते म्हणाले,

"करिश्मा एकटी उडून राह्यली. रेडिओवर कुठी कुठी बोलते, लिहून ठेव. नागपूरले विमान घेऊन एकटीनं कोण जाईन, ते आज ठरवतो."

'आता ठरवायचं काय राह्यलं, सर?' हे नंदिनीच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते चहाबरोबर गिळलं.

चंद्रपूरबाहेरच्या या धावपट्टीला विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता. वैमानिकानं प्रत्येक वळणावर आपणच रेडिओवर सांगायचं: मी इथं आहे, आता असं वळतेय. उत्तर येत नाही. ऐकणारा ऐकतो आणि बाजूला होतो. पोंभुर्ण्यासारख्या लहान गावातली नंदिनी हे इथंच शिकली. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली करिश्मा मात्र नागपूरला टॉवरच्या हाताखाली शिकून आलेली. तिकडं टॉवर विचारतो, वैमानिक उत्तर देतो. रेडिओवरचं तिचं इंग्रजी ऐकून सर येता-जाता म्हणायचे, "बोलावं तं करिश्मासारखं!" नंदिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आठ महिने इथं घासत होती नंदिनी, आणि ही बया दीड महिन्यात सगळ्यांची लाडकी!

करिश्माची एक खोड नंदिनीनं हेरली होती. सर शेजारी असले की ती सगळं बिनचूक बोलायची. एकटी असली, की कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. हे तिला सांगायला हवं होतं. नंदिनीनं सांगितलं नाही. पडू दे एकदा सरांच्या कानी.

रेडिओवर करिश्माचा पहिला कॉल आला, स्वच्छ. नंदिनीनं टिक केली. खिडकीतून पांढरं विमान धावपट्टीला समांतर जाताना दिसलं, मग वळलं. रेडिओ गप्प.

'वळण – कॉल नाही.' नंदिनीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

तेवढ्यात एक पुरुषी आवाज खरखरला. गडचिरोलीकडून एक हेलिकॉप्टर सरळ धावपट्टीवर उतरायला येत होतं. विमान वळत होतं त्याच बाजूनं. तिकडं काळा ठिपका दिसूही लागला. करिश्मा गप्पच. तिला कुणी विचारलं नव्हतं ना!

"बोल न वं बाई," नंदिनी पुटपुटली.

माईक हाताशी होता. तिनं उचलला नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. घाबरते तर घाबरू दे, असं खरोखर तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तीच दचकली. तिनं माईक ओढून बटण दाबलं. रोजचं तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं. करिश्माच्या विमानाचा नंबर, 'शेवटच्या वळणावर आहे, उतरतेय', जणू विमानात तीच बसली होती; रेडिओच्या खरखरीत आवाज कुणाचा, ते कळलं नसतं.

हेलिकॉप्टरवाला लगेच म्हणाला, विमान दिसलं, मी थांबतो. ठिपका दूर सरकला. करिश्मा उतरली.

सर आत आले ते हसतच.

"फोनवर होतो, पण आयकलं! काय टायमावर बोलली पोरगी! कॉल असा पायजे. नागपूरले करिश्माच जाईन."

वही नंदिनीसमोर उघडीच होती. नुसती पुढं सरकवली तरी पुरे होतं. तिची बोटं वहीच्या कडेशी गेली आणि तिथंच थांबली.

दारात करिश्मा उभी होती, चेहरा पांढराफटक.

"सर, तो कॉल मी नाही दिला. नंदिनीनं दिला. मी गप्प होते."

सरांनी दोघींकडे पाहिलं. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला.

"मंग नागपूरले नंदिनी जाईन," ते म्हणाले. "आन् करिश्मा, तू आधी न विचारता बोलाले शीक."

करिश्मानं नंदिनीचा हात धरला.

"थँक यू, नंदिनी."

"त्यात काय," नंदिनी म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

हवं ते मिळालं होतं, तरी पोटातली आग तसूभर कमी झाली नव्हती. खरं बोलायलाही मेली तीच आधी पोचली होती.