बाबांनी लावलेल्या ड्युट्या

बाबांना काय आठवतं आणि काय नाही, यावर मी पाळत ठेवून असते. चहा प्यायलेला दहा मिनिटांत विसरतात, पण कप विसळून पालथा घालायचं विसरत नाहीत. माझं नाव त्यांच्या डोक्यातून गेलंय. माझी चौदा महिन्यांची पोर, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, ती मात्र पक्की बसलीय. विसरण्यातही काही निवड असते का? डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. म्हणून मी आपली बघत राहते.

बाबा चौतीस वर्षं बस डेपोत होते. चालकांच्या ड्युट्या लावायच्या: कोणती गाडी कोणाकडे, कोणाला सुट्टी, राखीव कोण. आई गेल्यावर एकटेच राहत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून जाळलं, तेव्हा आम्ही त्यांना तात्पुरतं माझ्याकडे आणलं. या तात्पुरत्याचं पुढे काय, हे ठरवायला रविवारी दादा आणि ताई आले.

दादानं दोन कागद आणले होते. एक अर्ज. शहराबाहेरच्या एका संस्थेत अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात, तिथं एक जागा रिकामी झाली होती आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. दुसरा होता तक्ता. शनिवार दादा, रविवार ताई, सोमवार ते शुक्रवार मी. ताई शाळेत शिकवते, तिनं लगेच रंग भरले. माझ्या वाट्याला हिरवा आला, आणि तक्त्याचं पार कुरण झालं.

“तू घरीच तर असतेस,” दादा म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटतं. तक्ता जमला तर बाबा इथे, नाही जमला तर अर्ज, असं ठरलं. खाली दादानं झोकात सही ठोकली. विम्याच्या कचेरीत राहून त्याला सहीशिवाय कागद नागडा वाटतो.

बाबांना तिकडे पाठवायचं नव्हतं, म्हणून मी जमेल म्हणून मोकळी झाले.

मंगळवारी दुपारी भिंगरीला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला. जाग आली ती गॅसच्या वासानं. मी तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण चालूच. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून बाबांना ओढतच जिन्यात नेलं. पातेलं जाळलं म्हणून ज्यांना इथे आणलं, त्यांच्या नाकासमोर मी हा पराक्रम केलेला. नवऱ्यालाही बोलले नाही. दादाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं उभ्या उभ्या अर्ज भरला असता.

बुधवारी सकाळी बाबा फ्रिजपाशी उभे राहून तिथे चिकटवलेल्या तक्त्यावर बोट फिरवत होते. ओळीवरून ओळ, न चुकता. मी भिंगरीला कडेवर घेऊन मागे थांबले.

“ही ड्युटी कोणी लावली?” त्यांनी विचारलं.

दादानं, मी म्हटलं. कोण दादा ते त्यांनी विचारलं नाही. हिरव्या रंगावर बोट टेकवलं.

“याला विश्रांती कधी?”

“नाहीये.”

“राखीव माणूस?”

“तोही नाही.”

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “हिरवे तुम्हीच का?” बाबा मला तुम्ही म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. मी मान हलवली.

“डोळा लागला होता कधी, ड्युटीवर?”

माझ्या तोंडून हो निघून गेलं. काल दुपारी, म्हटलं. मग दुधाचं सगळं सांगितलं, अगदी बटणापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं, जसं रोज कोणीतरी येऊन हेच सांगत असावं.

“ही चूक चालकाची नाही,” ते म्हणाले. “लावणाऱ्याची आहे.”

पेन्सिल मागितली. एकूण माणसं किती, विचारलं. मी मोजायला लागले: दादा, वहिनी, ताई, भाऊजी, माझा नवरा, मी. सहा. मोजेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं की आम्ही सहा आहोत. बाबा तक्ता काढून टेबलाशी बसले आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहू लागले. दादाची सही त्यांनी आधीच आडवी रेघ मारून खोडली होती. मंगळवार आणि गुरुवारपुढे त्यांनी ‘रद्द’ लिहिलं.

रद्द कसं करता येईल, मी विचारलं.

“माणूस नसेल तर फेरी रद्द करायची. पेंगणाऱ्याच्या हाती गाडी द्यायची नाही.”

“आणि प्रवासी?”

“त्यांची दुसरी सोय बघायची. आणि आदल्या दिवशी सांगायचं. सकाळी थांब्यावर ताटकळत ठेवून नाही.”

मग त्यांनी पेन्सिल साखरेच्या डब्यात ठेवली आणि चहा झाला का म्हणून विचारलं. तक्त्यात सोमवार दोनदा होता आणि शुक्रवार नव्हताच.

शुक्रवारी दादा अर्ज न्यायला आला. मी आधी दूध सांगितलं, मग तक्ता पुढे केला. दूध ऐकून तो नुसता भिंगरीकडे बघत बसला. तक्ता बघून खोडलेल्या सहीवर अंगठा फिरवला. “नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा एवढी शोभा झाली नव्हती माझी,” म्हणाला. शुक्रवार त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आणि पुढे वहिनीला फोनवर विचारून आपलं नाव घातलं. दोन गल्ल्या सोडून अशा म्हाताऱ्या माणसांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सांभाळणारं एक केंद्र आहे. रद्दचे दोन दिवस तिथे, असं ठरलं. ताईनं फोनवरच रविवारसोबत भाऊजींना जुंपलं. अर्ज दादानं घडी घालून परत खिशात ठेवला. फाडला नाही, तेही माझ्या लक्षात आहे.

सोमवारी संध्याकाळी बाबांना सांगायची वेळ आली. ताईनं सुचवलं होतं, तिथे गाणी असतात, सोबत असते, असं गोड करून सांग. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, उद्या दिवसभर तुम्हाला केंद्रात जायचंय.

“का?”

“घरी माणूस कमी आहे.”

त्यांनी विचार केला. चेहऱ्यावर रागाची रेघ शोधत होते मी, सापडली नाही. “मग ठीक,” म्हणाले.

जेवणापर्यंत त्यांनी आणखी तीन वेळा विचारलं आणि मी तिन्ही वेळा कारणासकट सांगितलं. शेवटच्या वेळी ते लगेच ठीक म्हणाले नाहीत.

“परत आणायला कोण?”

“मी.”

“तुमची विश्रांती झालेली असेल ना तोवर?”

झालेली असेल, मी म्हटलं.