व्हर्ना किचलच्या नावाचं कार्ड

वर्षभर व्हर्ना किचल टीव्हीसाठी मंगळावरच्या गोष्टी लिहीत होती, पण पडद्यावर तिचं नाव काही आलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत सगळंच थेट प्रक्षेपण. शेवटी हातानं रंगवलेली नावांची कार्डं कॅमेऱ्यापुढे एकेक करून धरायची. कार्यक्रम लांबला की पहिली कुऱ्हाड कार्डांवर, आणि लेखकाचं कार्ड सगळ्यात शेवटी. कार्यक्रम तर दर आठवड्याला लांबायचाच!

निर्माते ऑलरीसाहेब म्हणायचे, वेळच उरत नाही, मी तरी काय करू? शिवाय रॉकेटची गोष्ट बाईनं लिहिलीय म्हटल्यावर पोरं बघतील का? तिकडे ओहायोत तिची आई शेजारच्या डॉर्टमनबाईंकडे टीव्ही बघायला जायची. त्या दर वेळी टोमणा मारायच्या, लेक तिथे टायपिस्ट असेल हो. आईला मान वर करायची सोय राहिली नव्हती. व्हर्नाच्या हे फार जिव्हारी लागलं होतं. नाव येणार म्हणजे येणारच, असं तिनं ठरवून टाकलं.

त्या शनिवारी रंगीत तालीम लांबली. दिग्दर्शक सीव्हर्सनं नेहमीप्रमाणे तिच्या हातात कात्री दिली. काटछाट लेखकानंच करायची, अशी तिथली रीत. कापल्यावर पुन्हा घड्याळ लावून बघायला कोणाला सवड नसे. व्हर्नानं जरुरीपेक्षा जास्तच कापलं; मंगळाच्या राणीचं शेवटचं भाषण अख्खं उडवलं. त्या पानासाठी ती आठवडाभर झिजली होती. काळीज तुटलं तिचं, पण हात थांबला नाही.

"एवढं चांगलं भाषण कापलंस?" सीव्हर्सनं विचारलं.

"जाऊ दे. कार्डं राहिली पाहिजेत," ती म्हणाली.

मग कार्डं रंगवणाऱ्या अर्माला गाठून तिनं 'व्ही. किचल' खोडायला लावलं आणि पूर्ण नाव लिहून घेतलं.

प्रक्षेपणात रॉकेट उडालं, गोष्ट संपली, आणि घड्याळात हा एवढा वेळ शिल्लक! सीव्हर्सला घाम फुटला. कार्डं सावकाश दाखवली तरी सरली. शेवटचं उरलं: लेखन, व्हर्ना किचल. ऑलरीसाहेब तणतणत नियंत्रण कक्षात शिरले.

"काढ ते कार्ड."

"आणि दाखवू काय, साहेब? माझं टक्कल?" सीव्हर्स म्हणाला.

कार्ड जागचं हललं नाही.

सकाळी आईचा फोन आला. हसून हसून बेजार झाली होती.

"अगं, तुझं नाव इतका वेळ होतं, की डॉर्टमनबाईंना वाटलं टीव्ही बिघडला. उठून दोन थपडा मारल्या त्याला. मी म्हटलं, मारा हो खुशाल, ते नाव काही जायचं नाही."