लेकीच्या गावाला लागणारे पॉइंट

मृग लागला होता, आभाळ कोरडंच होतं, तरी रिठदच्या कृषी केंद्रात सोयाबीनच्या बियाण्यासाठी उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत गोमतीबाई काउंटरला टेकून उभ्या होत्या. हातात क्रेडिट कार्ड. ज्याला बॅगा घ्यायच्या त्यानं रोख पैसे गोमतीबाईंच्या हातात ठेवायचे आणि त्याचं बिल त्यांनी कार्डानं भरायचं, ही आता गावाची रीतच झाली होती. लोकांचं काही जात नव्हतं, गोमतीबाईंना पॉइंट मिळत होते. रोख त्यांचा मुलगा लखन बँकेत भरून बहिणीच्या खात्यात पाठवायचा.

"मावशी, तुमी बँकेच्या एजंट झाल्या काय?" दुकानदार जगदेव म्हणाला.

"बँक माह्या लेकीची हाये. तू मशीन आन."

"कार्डाले दोन टक्के जास्त लागतीन."

"मंग मी ह्या समद्याइले घेऊन त्या पल्याडच्या दुकानात जातो. येता का रे?"

लोक हसले. जगदेवनं मशीन पुढे सरकवली.

तिकडे बंगळुरात रुचिकाच्या फोनवर मेसेज पडत होते. खातं तिचं, आईला दिलेलं कार्ड त्याच खात्यावरचं. ऑफिसात बसल्या जागी तिला कळायचं, आई आता बियाण्याच्या दुकानात आहे, आता किराण्याच्या. पेट्रोलला पॉइंट मिळत नाहीत हे तिनं एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून पंपावर निघालेल्या माणसाला गोमतीबाई कार्ड दाखवतही नसत. दुपारी एक मेसेज वाशिमच्या प्रवासी बॅगांच्या दुकानातून आला.

संध्याकाळी तिनं फोन केला.

"आई, लखनला बॅग घेतली का?"

"घेऊन ठेवली. चाकं हायेत तिले. कामी पडते." मग जरा थांबून, "किती झाले पॉइंट?"

"एक्केचाळीस हजार."

"तुह्या गावाले किती लागतात?"

"ते रोज बदलतं."

"म्हंजे पुरतात?"

"पुरतात, पण आत्ता उडवायचे नाहीत. ऑक्टोबरात विमानाची तीच सीट निम्म्या पॉइंटात मिळते."

"असं." पलीकडे भांडं घासल्याचा आवाज आला. "पुरतात नं पन?"

"पुरतात म्हटलं ना."

"बरं. ठेवतो मंग."

पहाटे लखनचा फोन आला. आई चुलीजवळ पाणी तापवायला बसली होती, तिथंच कलंडली. वाशिमला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

रुचिकानं लॅपटॉप उघडला. त्या दिवसाच्या विमानाचं भाडं पाहिलं आणि बोटांना जे सवयीचं होतं ते बोटांनी केलं. पॉइंटचं खातं, बंगळूर ते नागपूर, एक प्रवासी. भाडं शून्य, कर तेवढा वेगळा. पडद्यावर रंगीत कागद उडाले आणि तिची किती बचत झाली ते आलं. तिनं ते वाचलं आणि आकडा बरोबर आहे का ते मनात तपासलं. बरोबर होता.

नागपूरहून गाडी केली. ड्रायव्हरनं विचारलं, "कारंज्याले चहाले थांबू काय, ताई?" ती म्हणाली, थांबा. चहा घेतला. तो गोड होता.

पुढचे दिवस ती कामं करत राहिली. आल्या-गेल्याला पाणी, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सतरंज्या घालणं, काढणं. वडील ओसरीवर भिंतीला टेकून बसत आणि कुणी आलं की एवढंच म्हणत, "चुलीपाशी बसली होती." रडणाऱ्या बाया रुचिकाच्या गळ्यात पडत, तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवी. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. मध्ये एकदा तिनं बँकेला फोन लावला. कार्ड बंद करण्याचं कारण काय, असं तिकडच्या मुलीनं विचारलं. "वापरत नाहीत," रुचिका म्हणाली.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून ती सामान भरू लागली. शेजारच्या रंगूबाई कोठीतून नवी बॅग ओढत घेऊन आल्या. निळी, चाकांवरचं प्लास्टिकही न काढलेली.

"हे घेऊन जाय. तुह्या मायनं भरून ठेवली व्हती."

"ती लखनची आहे, मावशी."

"लखन कायले तुरीची दाय घेऊन हिंडन?"

रुचिकानं चेन उघडली. डाळीची पिशवी, पेपरात बांधलेल्या कुरड्या. त्यांच्याखाली आईची दोन चांगली लुगडी, इस्त्री केलेली, आणि एक स्वेटर.

"तिकडं थंडी रायते म्हने," रंगूबाई म्हणाल्या. "तुह्या लग्नापासून म्हनून राह्यली व्हती, एकडाव लेकीचा संसार पाहीन. मी म्हनलं, कार्ड हाये, पॉइंट हायेत, जाय नं मंग बाई! तं म्हने, लेकीच्या दारात बिनबोलावलं जाऊ नाही. तिनं म्हनलं का निंघतो."

रुचिकानं स्वेटरची घडी नीट केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आईला विमानाची हौस आहे, असं ती धरून चालली होती. किती लागतात, या प्रश्नाला तिनं दर वेळी आकडा सांगितला होता, आणि तो अचूक असे.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"व्हय," रंगूबाई म्हणाल्या.

सकाळी लखननं मोटरसायकल काढली, स्टँडवर सोडायला. रुचिकानं वडिलांच्या पाया पडून बॅग घेतली. लुगडी तशीच होती आत, तिनं काढली नव्हती. बॅगेची चाकं ओसरीच्या फरशीवर खडखडत आली आणि उंबऱ्याशी अडकली. आई असती तर इथंच म्हणाली असती, जातो म्हनू नको, येतो म्हन.

"ताई, गाडी निघून जाईन," लखन म्हणाला.

"हो."

ती हलली नाही. मागं वळून तिनं घरात पाहिलं, चूल होती तिकडं. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडात न आलेली गावची बोली आपोआप आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आई, चाल माह्या घरी."