प्रभूच्या घड्याळातला एक तास

देवासच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत यशवंतराव फार नम्र गृहस्थ समजले जात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरू लागला, की ते हळूच उठून चर्चच्या पायरीवर जाऊन बसत. चपला राखायला. बेचाळीस वर्षांत एक चप्पल चोरीला गेली नाही. खरं कारण निराळं होतं. मनात पाप ठेवून जो ती भाकर खातो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो असं शास्त्र सांगतं. आणि तहसील कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला दंडाचं कलम बरोबर कळतं.

पाप एकच होतं, पण टिकाऊ. धाकटी बहीण कुसुमावती वीस वर्षांची असताना नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाल्याचं पत्र आलं होतं. ती गेली, तर अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणार कोण? यशवंतरावांच्या बायकोने आधीच कानांवर हात ठेवलेले. पत्र त्यांच्याच हाती पडलं. ‘आलंच नाही,’ असं त्यांनी घरात सांगितलं. देवापाशी मात्र रोज न चुकता कबुली दिली. वरच्या कचेरीत अर्ज मंजूर झाल्यावर खालच्या खिडकीशी कशाला उभं राहायचं? शिवाय प्रभू सहनशील. त्याला हजार वर्षं एका दिवसासारखी. या हिशेबाने बेचाळीस वर्षं म्हणजे जेमतेम एक तास. हे वचन यशवंतराव प्रार्थनासभेत सुरेख वाचत. त्याच्या पुढे, प्रभूचा न्यायाचा दिवस चोरासारखा येईल, असं आहे. तिथवर आले की चष्मा पुसायला घेत.

मग इंदूरच्या डॉक्टरने सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, सोमवारी ऑपरेशन. शनिवारी यशवंतराव धारच्या बसमध्ये होते.

कुसुम गंधवानीत अंगणवाडी चालवून निवृत्त झाली होती. आता धारला ब्लाउज शिवायची. शेजारची नीतू आपल्या ब्लाउजसाठी तिच्या मशीनपाशी ताटकळत बसली होती.

“कोण मेलं?” भावाला दारात बघून कुसुमने विचारलं.

“कोणी नाही गं. सहज आलो.”

“माझा नवरा गेला तेव्हाही तू सहज आला नव्हतास, दादा.”

“जरा एकांतात बोलायचं होतं.”

“नीतू इथेच बसेल. तिचे हुक लावायचेत.”

यशवंतरावांनी घसा साफ केला. “माझ्याकडून कधी काही चुकलं असेल, तर—”

खर्रर्र. मशीन सुरू झालं. थांबलं, तसे ते पुन्हा म्हणाले, “म्हणजे, कळत-नकळत—”

खर्रर्र.

“मावशी, दादाजींचं सुनून तर घ्या,” नीतू कळवळून म्हणाली.

“ऐकतेय की! कधी, काही, कळत-नकळत. सगळी कचेरीची भाषा. अठरा वर्षं झाली, मी एका सरळ वाक्याची वाट बघतेय.”

यशवंतराव गार पडले. “तुला... माहीत होतं?”

“आई मरताना सांगून गेली.”

“मग बोलली का नाहीस?”

“बघत होते, देव आधी दमतो की मी.” कुसुमने पायडलवरचा पाय काढला. “मी दमले. काय केलंस ते नीट बोल. नाहीतर चालता हो, हे दार तुला पुन्हा उघडणार नाही.”

यशवंतरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“तुझं पत्र आलं होतं. मी लपवलं. आईचं करायला बाई हवी होती, म्हणून. आई गेल्यावर जाळून टाकलं.”

“जाळलं?” कुसुमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “आई म्हणाली, ट्रंकेत आहे. मघाशी दारात तुझ्या हातात पिशवी दिसली, तर मला वाटलं, आणलं याने.”

पिशवीत केळी होती.

“मेल्या,” ती म्हणाली, “काय लिहिलं होतं त्यात?”

हे मात्र यशवंतरावांना पाठ होतं. “कुमारी कुसुमावती, आपली निवड झाली आहे. एक जुलै रोजी सकाळी दहा वाजता हजर व्हावे. सोबत दोन पांढऱ्या साड्या, एक घोंगडी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ आणावे.”

“पुन्हा म्हण.”

ते पुन्हा म्हणाले.

“सावकाश. पोरं पाढे म्हणतात तसं नको.”

तिसऱ्यांदा म्हणून झालं तेव्हा नीतू डोळे पुसत होती. कुसुम रडत नव्हती. ती भिंतीकडे बघत दोन साड्या, एक घोंगडी, असं ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, जणू बांधाबांध करायची होती.

“माफ केलंस ना, कुसुम?”

“आज नाही.”

“अगं, परवा माझं हृदयाचं ऑपरेशन आहे.”

कुसुमने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माप घेताना गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

“मग जगून ये,” ती म्हणाली, आणि तिने नीतूचा ब्लाउज पुढे ओढला.

यशवंतराव उठले. बसला अजून पाऊण तास होता, तरी ते भराभर चालू लागले. कोपऱ्यावर डॉक्टरची ताकीद आठवली: भराभर चालायचं नाही. तेव्हा ते थांबले, भिंतीला टेकले आणि एकेक श्वास जपून घेऊ लागले.