फिकट ठिपके

शहापूरच्या एका छोट्या ऑफिसात भातसंशोधकांसाठी आलेख काढायचं सॉफ्टवेअर बनत होतं. नको ते आकडे गाळायला दिनेशने दोन चौकोन केले होते: किमान लिहा, कमाल लिहा, बटण दाबा. ललिताने आलेखाखाली एक पट्टी आखून तिच्या दोन्ही टोकांना मुठी दिल्या. माउसने मूठ सरकवली की पट्टीबाहेरच्या आकड्यांचे ठिपके आलेखातून नाहीसे. साहेब लहान पोरासारखे खेळत बसले. "दोन्हींतलं एकच ठेवू, सोमवारी सांगतो," म्हणाले. दिनेशचा नुसता जळफळाट झाला.

शनिवारी सापगावच्या कीर्तनात तो टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा होता. बुवांनी निरूपण धरलं तसे टाळकरी गप्प झाले, पण उठून कोणी गेलं नाही. दिनेशला लख्ख दिसलं: गाळलेले ठिपके पुसायचे नाहीत, फिकट करून मागे उभे ठेवायचे. मूठ सरकेल तसे ते विझतील, उजळतील. पण मूठ तर ललिताची. पांडुरंगाने दिलं, ते नेमकं तिच्या पदरात घालण्याजोगं.

दोन रात्री तो धुमसला. सोमवारी म्हणाला, "ललिता, ते ठिपके घालवू नको गो. फिके कर."

तिने करून पाहिलं. "तुझ्याच चौकोनांत का नाय घातलंस?"

"बसत नाय तिथं."

"साहेबांना सांगते, दिनेशचं डोकं म्हणून."

"सांग. पण त्यांच्या हाती माउस द्यायच्या आधी सांग. एकदा तुझी मूठ धरली, की माझं नाव कोण ऐकतंय?"